रोज सकाळचे तीनशे

विलास, तुझ्या तेराव्याला लोक तुझ्याबद्दल फार गोड बोलले. कुणी म्हणालं, गरीब स्वभावाचा माणूस. कुणी म्हणालं, जन्मात कधी कुणाला उलटून बोलला नाही. मी पानावर बसून ऐकत होतो. उलटून बोलला नाही हे खरं आहे. माझी तक्रार तीच आहे.

तुझी स्वाती तुझ्या आठवणींची छोटी पुस्तिका काढतेय. मला म्हणाली, "काका, तुम्ही सांगा, मी लिहून घेते." मी म्हटलं, माझी चौथी झालीये, मला लिहिता येतं. शुद्धलेखन तू बघ, पण मजकुराला हात लावायचा नाही. तुमच्या घरात दुसऱ्याच्या मजकुराला हात लावायची सवय आहे, आणि ती कुठवर गेली होती ते मला आत्ता कळलंय.

तुझं जन्मगाव, तुझं शिक्षण, तुझे गुण हे सगळं दुसरं कुणी लिहील. मला तुझ्याशी एकच गोष्ट बोलायची आहे. वर्षानुवर्षं रोज सकाळी मी सातपूरच्या आपल्या शेडमध्ये कॉम्प्युटरपुढे उभा राहून "तीनशे" म्हणून ओरडायचो आणि तू माझ्या मागे हाताची घडी घालून उभा असायचास. तेव्हा तू मनात मला काय म्हणत होतास? येडा म्हणत होतास, की आणखी काही? ते मला कळायला पाहिजे होतं. ते न सांगता गेलास.

पुस्तिका वाचणाऱ्या पाहुण्यांना कळावं म्हणून तुला माहीत असलेलंच पहिल्यापासून सांगतो. ऐकून घे. नाहीतरी ऐकून घेण्यात तू पटाईत होतास.

आपण साडू. माझी इंदू थोरली, तुझी सुमन धाकटी. मी लेथवर वाढलेला माणूस, सातपूरला माझी पत्र्याची शेड, दोन लेथ आणि बबन नावाचा एक कारागीर. तू मनमाडला रेल्वेत सिग्नलच्या कामाला. एका लग्नात आपण मांडवाच्या मागे खुर्च्या टाकून बसलो होतो. मी म्हणालो, हल्ली शेतातली लाइट ठरलेल्या वेळेला येते आणि जाते, माणसाला मोटर चालू करायला उठून पळावं लागतं. तू म्हणालास, "आण्णा, वेळेवर आपोआप मोटर चालू-बंद करणारा स्विच आपण करू. चाकं तुम्ही कातायची, सर्किट माझं." मी म्हटलं, नोकरीचं काय? तू म्हणालास, "तुम्ही हो म्हणा, मी सोडतो."

मी हो म्हणालो आणि तू खरंच सोडलीस. रेल्वेची कायमची नोकरी. आपले सासरे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. दिवाळीला गेलो तर इंदूला फराळ आणि मला नुसता चहा. पण तू माझ्या शब्दावर आलास, हे मी विसरलेलो नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे मी चांगलं लिहिणार नाहीये.

स्विच तयार व्हायला लागले, बबनच्या जोडीला आणखी पोरं कामाला आली. आता प्रत्येक स्विच वेळेला बरोबर आहे का हे तपासायचं कशाने? त्यासाठी तू सुट्टे भाग आणून कॉम्प्युटर जोडलास. तीनशेचा, म्हणजे तीनशे मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, तीनशे. दुकानवाले घालून देतात ती सिस्टीम तू त्यात घातली नाहीस, मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरची घातलीस. मी विचारलं, फुकटची कशाला? तू म्हणालास, "हिच्या आत हात घालता येतो." तेव्हा मला ते कौतुकाचं वाटलं होतं.

सकाळी मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर पळायच्या. त्यातल्या एका ओळीवर तू बोट ठेवलंस.

"हे बघा आण्णा. उठल्या उठल्या हा स्वतःचा वेग स्वतः मोजतो."

"कशाने मोजतो?"

"आत दुसरं एक हळू घड्याळ आहे. ते घड्याळ थोडं पुढे सरकेपर्यंत ह्याचे स्वतःचे ठोके किती पडले ते मोजायचं. त्यावरून हा समजतो की आपण किती जोरात पळतोय. तो आकडा धरून मग दिवसभर वेळ मोजायची."

"म्हणजे सकाळी घेतलेलं माप दिवसभर चालवायचं."

"बरोबर."

ती ओळ तू मला दाखवलीस हीच तुझी चूक. माझा जन्म मापात गेलेला. दुसऱ्या दिवसापासून मी रोज ती ओळ बघायला लागलो. एक दिवस तीनशे. एक दिवस दोनशे नव्याण्णव पूर्णांक नऊ आणि पुढे काहीतरी. एक दिवस तीनशेच्या जरा वर.

"विलास, हा रात्रीतून बारीक झाला का?"

"वेग तोच आहे आण्णा. मोजण्यात फरक पडतो. आता बघा, तुम्ही लेथचे फेरे मोजता मनगटावरच्या घड्याळाकडे बघून. नजर घड्याळाकडे वळेपर्यंत एखादा फेरा निसटतो का नाय?"

"माझा नाय निसटत."

"बरं," तू म्हणालास.

हे तुझं बरं. भांडण दाराशी आलं की तू बरं म्हणून दार उघडून बाजूला व्हायचास. भांडणाऱ्याने आत येऊन करायचं काय?

आणि विलास, खोट पहिल्यांदा मीच पकडली होती, हे तुला तिथेही नाकारता येणार नाही. तपासणीच्या टेबलावर सोमवारी सगळे स्विच पुढे दिसायचे. मंगळवारी सगळे मागे. तू सर्किट सोडवत बसलास. मी म्हटलं, घरातल्या सगळ्याच भिंती तिरक्या दिसायला लागल्या तर भिंती पाडू नये, आपण ज्या स्टुलावर उभे आहोत त्याचा पाय बघावा. सगळे स्विच एकाच दिवशी एकाच बाजूला चुकत नसतात. चुकतोय तो मोजणारा. तू डोक्याला हात लावलास आणि म्हणालास, "आण्णा, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं." त्या दिवशी चहा तुझ्याकडून होता.

इथपर्यंत आपलं चांगलं चाललं होतं. भांडण सुरू झालं ते इलाजावरून.

माझा इलाज सोपा होता. डब्यावर तीनशे छापलंय, मग मशीनने तीनशे दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर बंद करायचं, परत चालू करायचं. दाखवेपर्यंत. काही सकाळी पहिलाच तीनशे यायचा, काही सकाळी बबनचा चहा पिऊन कप धुऊन व्हायचा तरी यायचा नाही. तू मागे उभा राहून चुळबुळ करायचास.

"आण्णा, छापलेला आकडा म्हणजे माप नाही."

"मग काय आहे?"

"नाव आहे. बबनच्या पोराला सगळे पैलवान म्हणतात. म्हणून तो कुस्ती मारतो का?"

"मारतो की," बबन लेथवरून म्हणाला, "रोज धाकट्याला."

मी स्लिप गेजची पेटी उघडून तुझ्यापुढे ठेवली. पाहुण्यांसाठी सांगतो, हे पोलादाचे गुळगुळीत तुकडे असतात, प्रत्येकावर माप कोरलेलं, आणि त्यांच्याशी ताडून आम्ही आमची मोजायची हत्यारं सुधारतो. मी पंचवीसचा तुकडा उचलला. म्हटलं, ह्यावर पंचवीस कोरलंय. उद्या माझा मायक्रोमीटर काही वेगळं दाखवायला लागला तर मी मायक्रोमीटर सुधारीन, का हा तुकडा घासत बसेन?

"तो तुकडा घासून घासून मापाला आणलेला असतो, आण्णा. प्रोसेसरला कुणी घासलेलं नसतं. तीनशेच्या आसपास पळतो म्हणून तीनशे लिहितात. हा आपला थोडा खालीच आहे."

"कुणी सांगितलं? त्या हळू घड्याळाने?"

"हो."

"आणि ते बरोबर कशावरून?"

तू म्हणालास, "तेही पुरतं बरोबर नाही. मी ते रेडिओच्या टोल्यावर लावून बघतो."

"म्हणजे हा त्याला विचारतो, ते रेडिओला विचारतं, आणि रेडिओ कुणाला विचारतो? आणि मी डब्यावरचं छापलेलं वाचलं तर मी अडाणी."

"मी अडाणी म्हणालो का?"

"म्हणाला नाहीस."

म्हणाला नाहीस, विलास. हेच लिहितोय. म्हणायला पाहिजे होतंस.

मग विंचूरकडचा तो द्राक्षवाला आला. पिशवीतून आपला स्विच काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आण्णा, तुमचं घड्याळ माझ्या थोरल्या पोरासारखं हे. लाइट गेली की मग जागं होतं." आम्ही बघितलं तर स्विच चांगला वीस-पंचवीस मिनिटं मागे पडला होता. काही महिन्यांत. त्याच्या मागोमाग आणखी आले. सगळे मागेच.

त्या दिवशी तू पहिल्यांदा आवाज चढवलास. म्हणालास, "हे तुमच्या तीनशेमुळे झालंय. मशीन खरं बोललं की तुम्ही त्याला बंद करता. चुकून खोटं बोललं की कामाला लावता. त्या खोट्यावर आपण दिवसभर स्विच जुळवतो."

मीही गप्प बसणारा नव्हतो. तुझं सर्किट, तुझा कॉम्प्युटर, तुझी फुकटची सिस्टीम, सगळ्यांचा उद्धार केला. त्यातच म्हणालो, "आणि त्याला एवढी घाई कसली आहे? डोळे चोळत उठला आणि लगेच मोजायला बसला. डोळा मिटून उघडायच्या आत कुणाचं माप बरोबर येतं? मी एक भोक मोजायचं तर तीनदा मोजतो."

"लोकांना मशीन पटकन चालू व्हायला लागतं, आण्णा. म्हणून मोजायला तो थोडाच वेळ घेतो."

"आपल्याला कुठे मनमाडची गाडी पकडायचीये? निवांत मिनिटभर मोज म्हणावं त्याला."

एवढं बोलून मी पुढे गेलो, कारण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. माझं म्हणणं होतं की सकाळी मेन स्विच ओढला की लेथ, कंप्रेसर, ग्राइंडर सगळं एकदम उठतं, लाइट खाली-वर होते आणि त्या धक्क्याने कॉम्प्युटरचं माप चुकतं. मी नियम लावला. उद्यापासून आधी फक्त कॉम्प्युटर. बाकी सगळं बंद. आकडा आला की मी सांगणार, मग लेथ चालू करायचे.

तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "बरं."

मधे एक रविवार गेला. सोमवारी शटर उघडलं, कॉम्प्युटर एकटाच चालू केला. त्या दिवशी त्याने उठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. ओळी मधेच थांबल्या, बराच वेळ थांबल्या. मग आकडा आला, आणि तोही आता मोठ्या अक्षरात, माझ्या नजरेला दिसेल असा. तीनशे. पुढे टिंब आणि तीन शून्यं.

मंगळवारी तीनशे. बुधवारी तीनशे. महिन्याने तीनशे. पावसाळ्यात तीनशे, उन्हाळ्यात तीनशे. आणि विंचूरची तक्रार परत आली नाही.

मी जिंकलो होतो. माझ्यापुरता मी नुसता जिंकलो नव्हतो, मी कॉम्प्युटरला वळण लावलं होतं. पाहुण्यांत कुणाचा इंजिनिअर मुलगा भेटला की मी त्याला धरून सांगायचो. लग्नात, साखरपुड्यात, एकदा तर मयताहून परत येताना. तू शेजारी असायचास. मी म्हणायचो, "विचार ह्या विलासला, मशीन एकटं चालू केल्यावर आकडा हलला का कधी?" आणि तू म्हणायचास, "नाही हलला."

शेडमध्ये त्याची रीतच पडून गेली. सकाळी शटर वर. सगळे आपापल्या मशीनपाशी उभे, हात खाली. कॉम्प्युटर चालू. मग ती लांबलचक वाट बघणं. मी म्हणायचो, म्हातारा झाला आता हा, उठायला वेळ लागतो. मग आकडा. मी ओरडायचो, "तीनशे." मागून तू म्हणायचास, "बरं." आणि तुझ्या बरंवर बबन लेथचं बटण दाबायचा. बाकीच्या शेडवाल्यांना गंमत वाटायची. शेजारचा वेल्डर म्हणायचा, "आण्णांच्या शेडात सकाळी आरती नसते, पाढा असतो."

तुला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी रोज संध्याकाळी यायचो. तुझ्याच्याने फार बोलवत नव्हतं. शेवटी भेटलो त्या दिवशी तू डोळे उघडून मला विचारलंस, "आण्णा, आज किती आले?"

मी म्हटलं, "तीनशेच. दुसरं काय येणार?"

तू हसलास आणि म्हणालास, "बरं."

आपलं शेवटचं बोलणं ते. घरी जाताना मला वाटलं होतं, एवढ्या दुखण्यात ह्याला माझ्या शेडची काळजी. ते मी स्मशानातून आल्यावर इंदूलाही सांगितलं.

तुझे दिवस घालून झाल्यावर मी शेड उघडली. कॉम्प्युटर चालूच होईना. बबन म्हणाला, विलासभाऊंच्या मागे गेला. मी म्हटलं, येडपटासारखं बोलू नको, आतल्या पाटीवर काहीतरी फुगलंय, मला दिसतंय. स्वाती अजून पुण्याला परत गेली नव्हती. ती आली, बघितलं, म्हणाली, "काका, ह्यात जीव नाही. पण बाबांचं सगळं काम डिस्कवर आहे, ती चांगली आहे. आमच्या घरचा कॉम्प्युटर आणते, त्यात लावून बघू." तुझ्या घरातला तो, गेल्या वर्षी घेतलेला. खोक्यावर चोवीसशे छापलेला. खोकं माळ्यावर होतं, मी स्वातीला ते मुद्दाम काढायला लावलं. छापलेलं बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही, तुला माहीत आहे.

तिने डिस्क बसवली. सगळे आपापल्या जागी उभे राहिले, सवयीने. मशीन चालू झालं. ओळी पळाल्या, थांबल्या, नेहमीसारख्या बराच वेळ थांबल्या. मग मोठ्या अक्षरात आकडा आला. आणि मी ओरडलो, "तीनशे."

ओरडून झाल्यावर मला कळलं.

स्वाती म्हणाली, "काका, हा तीनशेचा नाहीच आहे."

मी म्हटलं, "दिसतंय मला."

चोवीसशेचं मशीन तीनशे दाखवत होतं. तिथे लेथ असता, म्हैस असती, पाट्यावरचा वरवंटा असता, तरी त्याने तीनशेच दाखवलं असतं. तिथे मोजलेला आकडा नव्हताच. तू बसवून ठेवलेला आकडा होता. माझ्यासाठी.

स्वाती आत शिरून बराच वेळ बघत बसली. मग मला समजेल अशा भाषेत सांगितलं. मी तिला म्हटलंच होतं, गोड करून सांगू नको. म्हणाली, "आत खरं मोजमाप आहे, काका. सिस्टीम जेवढा वेळ मोजते त्यापेक्षा बाबांनी ते पुष्कळ वाढवलंय. पूर्ण मिनिटभर मोजतं. म्हणून दर वेळचा फरक जवळजवळ गेलाय. स्विचची तपासणी त्या आकड्यावरच चालते, ती बरोबर आहे. फक्त पडद्यावर जो दिसतो तो…"

"तो काय?"

"तो नुसता लिहिलेला आहे."

मिनिटभर मोजतं. विलास, मिनिटभर मोज हे कुणी सांगितलं होतं?

त्या भांडणात रागाच्या भरात मी दोन गोष्टी बोललो होतो. एक, निवांत मिनिटभर मोज. दुसरी, कॉम्प्युटर एकटा चालू करा. पहिली बरोबर होती. तू ती उचललीस, रविवारी बसून मशीनमध्ये घातलीस आणि तिने सगळं सरळ झालं. दुसरीचा काही उपयोग नव्हता. तुला ते माहीत होतं. आणि तू काय केलंस? ज्यात मी बरोबर होतो ते माझ्यापासून लपवलंस, आणि ज्यात चुकलो होतो त्यात मला जिंकवून ठेवलंस. अरे, एकदा तरी म्हणायचंस, आण्णा, तुमच्या मिनिटाने काम झालं. त्या एका वाक्यावर मी माझा तीनशे सोडून दिला असता. नसता सोडला कदाचित. पण म्हणून बघायला पाहिजे होतंस.

लहान पोराला पत्त्यांत जिंकू देतात तसं तू मला जिंकू दिलंस. पोराचं ठीक आहे, त्याला झोपवायचं असतं. मला कशासाठी झोपवलंस? मी हरलो असतो तर आठ दिवस तुझ्याशी बोललो नसतो. इंदूजवळ तुला शिव्या दिल्या असत्या. मग बबनच्या हातून तुझ्या टेबलावर चहा पाठवला असता. माणूस हरून मरत नाही रे. चारचौघांत मी त्या इंजिनिअर पोरांना धरून सांगत होतो आणि तू शेजारी उभा राहून "नाही हलला" म्हणत होतास, ते आठवलं की आत्ता ह्या वयात कानाची पाळी गरम होते.

मी बबनकडे बघितलं. तो खाली बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"आण्णा, सगळ्यांनाच माहीत होतं."

"सगळ्यांना म्हणजे?"

"शेजारच्या वेल्डरला नव्हतं," बबन म्हणाला. हीच काय ती माझी अब्रू शिल्लक.

"मग हसत होतात का माझ्या मागे?"

"नाय. भाऊंनी पहिल्याच दिवशी दम दिला होता. तुम्ही बाहेर गेटवर होतात. म्हणाले, आण्णांच्या आकड्याला जो हसला त्याने दुसऱ्या दिवसापासून कामाला यायचं नाय. तो धाकटा पोरगा होता ना आपल्याकडं, पॉलिशवाला, त्याला काढला तो ह्याच्यासाठीच. तुम्हाला सांगितलं, गावाला गेला."

मी स्टुलावर बसलो.

म्हणजे तुला दम देता येत होता. तुझ्या तोंडातून कठोर शब्द निघू शकत होता. पॉलिशवाल्या पोराला निघाला, बबनला निघाला, फक्त माझ्यासाठी तुझ्याकडे बरंशिवाय शब्द नव्हता. लोक म्हणतील, हे प्रेम आहे. इंदूही तेच म्हणाली. म्हणाली, "तुमची मान खाली जाऊ नये म्हणून त्याने एवढं केलं आणि तुम्ही भांडताय." असेल प्रेम. पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याला माणूस दोन खऱ्या गोष्टी ऐकायच्या लायकीचा समजतो की नाही? तू मला ते समजला नाहीस. की समजत होतास? ह्याचं उत्तर तुझ्याजवळच होतं. दवाखान्यात तू "आज किती आले" विचारून हसलास, ते कसलं हसू होतं, मला आता कधीच कळणार नाही. त्या हसण्याकडे मी रोज परत जातो. कधी वाटतं टिंगल होती. कधी वाटतं नव्हती. तेवढंच कसं मोजून ठेवलं नाहीस?

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी स्वाती शेडवर आली. म्हणाली, "काका, एक विचारू का? पडद्यावर खरा आकडा आणू, का बाबांचा तसाच ठेवू?"

तिचा चेहरा तुझ्यासारखा आहे. तिलाही वाटत होतं की मी म्हणावं, राहू दे, त्याची आठवण आहे. एवढी वर्षं त्या आकड्यावर शेड चालली. पॉलिशवाल्या पोराची नोकरी त्यापायी गेली. मी म्हटलं, काढ. तुझ्या बापाने मला एकदा पोर समजून घेतलं, तू नको समजू.

तिने काढला. काढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं, उगाच कुणाला वाटायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर गेलं. सगळे आपल्या मशीनपाशी उभे राहिले. मी कॉम्प्युटर एकटाच चालू केला. त्याचा काही उपयोग नाही हे मला आता माहीत आहे, पण माझ्या शेडमध्ये तो एकटाच चालू होईल. ओळी पळाल्या, थांबल्या. मिनिटभर काहीही हललं नाही. हे मिनिट माझं आहे, हे ह्या वेळी मला ठाऊक होतं. मग आकडा आला. वेडावाकडा, लांबलचक, कुठल्याच खोक्यावर छापणार नाहीत असा.

मी वाचला. चुकायला नको म्हणून एकेक आकडा बघून, मोठ्याने वाचला. "दोन हजार तीनशे त्र्याण्णव. पूर्णांक नऊ. एक. सात."

खोक्यावर चोवीसशे छापलंय, विलास. छापलेलं खरं की मोजलेलं, हे आपलं राहिलंय. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. तू मधेच उठून गेलास, आणि उठून जाणाऱ्याला आमच्याकडे जिंकला म्हणत नाहीत.

आकडा वाचून झाला तरी लेथ चालू होईना. मी मागे वळून बघितलं. बबनचा हात बटणावर होता, पण तो दाबत नव्हता. पोरंही तशीच उभी. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे माझ्या मागच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत थांबले होते.

थोडा वेळ मीही थांबलो. मग मीच म्हटलं, "बरं."